72 तासांच्या आत

माझ्या बाबांच्या उजव्या पायाची तीन बोटं वळत नाहीत. मोजा घालताना ती एकेक करून हाताने आत सारावी लागतात. थंडीत पाय सुजतो. हे 2003 सालापासून चालू आहे, आणि कागदोपत्री 2003 साली त्यांच्या पायाला काहीही झालेलं नाही.

बाबा चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका भूमिगत कोळसा खाणीत लोडर होते. लोडर म्हणजे सुरुंग उडवल्यावर खाली पडलेला कोळसा टोपलीने उचलून टबमध्ये भरणारा माणूस. दुसऱ्या पाळीत छताचा एक तुकडा सुटला. फार मोठा नव्हता, जेवायला बसायच्या पाटाएवढा. आधी खांद्याला घासला आणि मग पायावर बसला, बुटाची लोखंडी टोपी जिथे संपते त्याच्या बरोबर मागे. दोघांनी धरून वर आणलं. दवाखान्यात पट्टी बांधली, गोळ्या दिल्या आणि चिठ्ठीवर निदान लिहिलं : मुका मार. एक्स-रे नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी खाणीची जीप दारात. आईला वाटलं, विचारपूस करायला आले. आलेल्या माणसाने चहा घेतला आणि म्हणाला, "घर में क्या बैठना? लॅम्प केबिन में बैठो, हाजरी लग जायेगी." बाबा गेले. रोज जीप न्यायला यायची आणि परत सोडायची. सुजलेला पाय स्टुलावर ठेवून, दिव्यांच्या चार्जिंगच्या रॅकसमोर ते बसून राहायचे. 19 दिवस. पगार कापला गेला नाही. आमच्या घरात त्या माणसाला बरीच वर्षं देवमाणूस म्हणायचे.

मी तेव्हा सातवीत होते. त्याच हिवाळ्यात खाण सुरक्षा सप्ताह झाला. कॉलनीतल्या मुलांसाठी निबंध स्पर्धा होती, विषय 'सुरक्षा ही आपली जबाबदारी'. माझा दुसरा नंबर आला आणि स्टीलचा डबा मिळाला. तो डबा अजून आईकडे आहे, त्यात ती मोहरी ठेवते.

देवमाणसाने नेमकं काय केलं होतं, हे कळायला मला पंधरा वर्षं लागली. 1952 च्या खाण कायद्यात जखमांच्या दोन व्याख्या आहेत. एक 'गंभीर शारीरिक इजा' : अवयव जाणं, दृष्टी किंवा श्रवण कायमचं जाणं, कोणतंही हाड मोडणं. हातापायाच्या बोटातलं एखादं पेर मोडलं तरी ते यात येतं, कायद्याने तेवढं स्पष्ट लिहिलं आहे. दुसरी 'नोंदवण्याजोगी इजा' : जी गंभीर नाही, पण जिच्यामुळे माणसाला 72 तास किंवा त्याहून जास्त कामावर येता येत नाही. या दोन्हींत न बसणाऱ्या जखमेची दखल सरकार घेत नाही. ती खाणीच्या फाटकाबाहेर जातच नाही.

आता बाबांची केस पुन्हा बघा. एक्स-रे काढला नाही, म्हणून हाड मोडल्याचा पुरावा नाही. म्हणजे गंभीर नाही. दुसऱ्या दिवशी हजेरी लागली, म्हणजे 72 तासांची गैरहजेरी नाही. म्हणजे नोंदवण्याजोगीही नाही. एक चिठ्ठी आणि एक जीप, एवढ्यात तीन बोटं हिशेबातून गायब.

खाणींसाठीचा तो कायदा आता 2020 च्या संहितेत सामावला गेला आहे. पण किती तास कामावर आला नाही यावरून जखमेचं वजन ठरवायची रीत त्यातही उरली आहेच. मला या रीतीचाच राग आहे. जखम किती झाली हे डॉक्टरने सांगायचं की हजेरीच्या पुस्तकाने? आणि ते पुस्तक ज्याच्या हातात आहे, त्याचीच बढती, त्याच्याच खाणीची ढाल, त्याच्याच कार्यालयाबाहेरचा 'अपघातमुक्त दिवस' लिहिलेला फळा त्या आकड्यावर अवलंबून असेल, तर काय होणार हे सांगायला सातवीतली मुलगीही पुरेशी आहे.

खाण म्हटलं की आपल्याला काय आठवतं? चिलीच्या सान होजे खाणीत 2010 साली अडकलेले 33 जण, 69 दिवसांनी कॅप्सूलमधून वर आलेले. राणीगंजमध्ये 1989 साली वाचवलेले 65 खाणकामगार, ज्यांच्यावर 2023 मध्ये अक्षय कुमारचा सिनेमा आला. ती खाण नव्हे, रस्त्याचा बोगदा, पण त्याच वर्षी सिलक्यारातले 41 मजूर 17 दिवसांनी बाहेर आले तेव्हा आपण सगळे फोनला चिकटून होतो. मीही होते. किंवा मग चासनाला : 27 डिसेंबर 1975, खाणीत पाणी घुसलं आणि 375 माणसं गेली. 'काला पत्थर' त्यावरूनच सुचला.

छत पडण्यात असलं काही नसतं. ते बहुतेक वेळा एकालाच मारतं, फार तर दोघा-तिघांना. थांबून बघत बसावं अशी सुटका नसते, कारण दगड पडायला सेकंदही लागत नाही. मार्च 2025 मध्ये मध्य प्रदेशातल्या बैतूल जिल्ह्यात, पाथाखेड्याच्या कोळसापट्ट्यात एका खाणीत छत कोसळून तीन जण मेले. कामावर देखरेख करणारी माणसं होती ती, म्हणजे छत कच्चं आहे की पक्कं हे ओळखण्यात ज्यांचं आयुष्य गेलं अशी. नागपूरहून तो भाग काही तासांवर. तुमच्यापैकी किती जणांच्या फीडमध्ये ती बातमी दुसऱ्या दिवशी होती?

आणि हे झालं मेलेल्यांचं. मेलेला माणूस निदान मोजावा तरी लागतो, त्याला लॅम्प केबिनमध्ये बसवून हजेरी लावता येत नाही. वाचलेल्याला बसवता येतं.

छत पडतं म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण खाण म्हणजे लांबच लांब भुयार असा अनेकांचा समज असतो. आपल्याकडच्या बहुतेक भूमिगत कोळसा खाणी बोर्ड अँड पिलर पद्धतीच्या आहेत. कोळशाच्या थरात आडवे-उभे रस्ते खणत जायचे, चौकटीच्या कागदासारखे. रस्त्यांच्या मधले चौकोन तसेच सोडायचे, तेच खांब. वरचा सगळा डोंगर त्यांच्यावर उभा. खडकाचं वजन दर घनमीटरला साधारण अडीच टन. म्हणजे 200 मीटर खोलीवर प्रत्येक चौरस मीटरवर 500 टन. रस्ता खणून काढला की त्या जागेवरचं वजन कुठे जाईल? शेजारच्या खांबावर. अशाने प्रत्येक खांब स्वतःचं आणि शेजाऱ्याचं असं दोघांचं ओझं घेऊन उभा असतो.

इथपर्यंत ठीक. पण खांब म्हणजेसुद्धा कोळसा, आणि कोळसा म्हणजे पैसा. म्हणून शेवटी मागे मागे सरकत खांबही काढून घेतात. याला डिपिलरिंग म्हणतात. खांब काढलेल्या रिकाम्या जागेचं छत मुद्दाम पडू देतात, त्या पडलेल्या भागाला गोफ म्हणतात. म्हणजे माणसं काम करत असतात ती एका अशा खोलीच्या उंबऱ्यावर, जिचं छत पडावं अशीच योजना असते. फक्त ते उंबऱ्याच्या पलीकडे पडावं, अलीकडे नाही. पोकळीत वाळू भरत जाणं हा दुसरा उपाय आहे. त्यासाठी इंग्रजांच्या काळात, 1939 साली, खास कायदाही झाला होता. वाळू भरायला पैसे लागतात. छत पडायला काही लागत नाही.

मोठं छत पडताना बहुतेकदा सांगून पडतं. लाकडी खांब करकरतात, भिंतीच्या चिपा उडायला लागतात, वरून मातीची धार सुरू होते. बाबा म्हणायचे, "छत बोलते. पन आयकाले कोन थांबते तिथं? टब भराचे असते." पण माणसांना रोज जखमी करतो तो लहान तुकडा, आणि तो फारसा बोलत नाही. सुरुंगाने सैल झालेला, दोन गुळगुळीत भेगांच्या मध्ये पाचरीसारखा बसलेला. त्याचा पत्ता एकाच रीतीने लागतो. पहार घ्यायची आणि छताला ठोकायचं. टणक आवाज आला तर ठीक, पोकळ आला तर बाजूला उभं राहून तो तुकडा पाडायचा. या कामाला ड्रेसिंग म्हणतात, करणारा तो ड्रेसर. हिशेब करून बघा : एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि फक्त दहा सेंटिमीटर जाड शिळा अडीचशे किलोची होते. बुलेट मोटरसायकलपेक्षा जड. डोक्यावर फायबरचं हेल्मेट.

यातली गोम अशी की छत ठोकणं, खांब लावणं, बोल्ट मारणं या कामांतून एक टोपलीसुद्धा कोळसा निघत नाही. बाबा पीस रेटवर होते. भरलेल्या टबांचे पैसे. छताखाली उभं राहून पोकळ आवाज ऐकण्यात गेलेली वीस मिनिटं म्हणजे वीस मिनिटांचे टब गेले. गेल्या शतकात अमेरिकेतले खाणकामगार या बिनपगारी कामाला 'मेलेलं काम' म्हणायचे, आणि तिथल्या कितीतरी संपांत ही तक्रार होती. म्हणून एखाद्या अपघातानंतर 'कामगार स्वतः असुरक्षित छताखाली गेला' असं कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. गेला ना. कशाला गेला? तिथे त्याला देवळाची घंटा ऐकू आली होती का?

माझा एक मित्र खाण अभियंता आहे, चांगला माणूस. तो म्हणतो, तू भावनेच्या भरात बोलतेस, खडक हा खडक आहे, आत भेग कुठे आहे हे कोणालाच दिसत नाही, शेवटी निसर्ग. त्याचं अर्धं म्हणणं मला मान्य आहे. कुठला तुकडा किती वाजता सुटेल हे कोणी सांगू शकत नाही. पण मुद्दा तो नाहीच. कुठे सुटेल हे माहीत आहे. कामाच्या तोंडापाशी, नुकत्याच उघड्या पडलेल्या छताखाली, आधार लावायच्या आधीच्या पट्ट्यात. रस्ते जिथे एकमेकांना छेदतात त्या चौकात, कारण तिथे छताचा गाळा सगळ्यात रुंद. आणि गोफच्या कडेला. खाणीतला कोणताही सरदार अंधारात बोट ठेवून या जागा दाखवेल. छतांना गुण देऊन वर्गवारी करायची आपली स्वतःची भारतीय पद्धत 1987 पासून आहे : थरांची जाडी, भेगा, दगडाची ताकद, हवेने-पाण्याने तो किती झिजतो, पाणी किती झिरपतं, या पाच गोष्टी मोजून आधार किती लावायचा ते ठरवतात. ज्याच्या जागा माहीत, कारणं माहीत, उपाय माहीत, त्याला निसर्ग म्हणायचं असेल तर मग रेल्वे फाटक उघडं ठेवून झालेल्या मृत्यूलाही निसर्गच म्हणावं लागेल.

उपाय काही गूढ नाही. छतात दीड-दोन मीटरचं भोक पाडायचं, त्यात सिमेंटची किंवा रेझिनची कॅप्सूल घालायची, लोखंडी सळई फिरवत आत ठोकायची, खाली प्लेट आणि नट. छताचे सुटे थर एकमेकांना शिवले जातात आणि एका जाड तुळईसारखे वागू लागतात. रेझिन काही मिनिटांत पकडतं, सिमेंटला त्याहून बराच वेळ लागतो, रेझिन महाग पडतं. आणि ही सळई मारणारा माणूसच बिनआधाराच्या छताखाली उभा असतो, म्हणून ते काम यंत्राने करायचं, त्या यंत्रावर पोलादी छत्र असायचं. गोफच्या कडेला उभं राहायची गरज पडू नये म्हणून लांबून रिमोटने चालणारी यंत्रं. हे सगळं जगात आहे, भारतातही काही खाणींत आहे.

अमेरिकेचं उदाहरण मुद्दाम देते, कारण तिथले खाणमालक काही संत नव्हते. 1960 च्या दशकाच्या शेवटी तिथल्या कोळसा खाणींत केवळ छत पडून वर्षाला शंभराच्या आसपास माणसं मरत होती. 1968 साली फार्मिंग्टनच्या खाणीत स्फोट होऊन 78 जण गेले, देश हादरला आणि 1969 साली कडक कायदा आला. प्रत्येक खाणीला छताचा आराखडा मंजूर करून घेणं सक्तीचं झालं. पुढची जवळजवळ पन्नास वर्षं बोल्ट, छत्रं, संशोधन आणि दंड. 2016 हे छत पडून एकही कोळसा कामगार न मेलेलं पहिलं वर्ष ठरलं. तिथे खाणीच कमी झाल्या, कामगारही कमी झाले, हे खरं आहे, तो वाटा वजा करायलाच हवा. तरीही शून्य हा शून्य असतो. निसर्ग तिथेही तोच आहे.

पण त्या गोष्टीत एक बोचणारा भाग आहे. कायदा आला तो स्फोटात 78 एकदम गेले म्हणून. छताखाली एकेक करून त्याच्याहून जास्त दरवर्षी जात होते, तेव्हा नाही आला. दक्षिण आफ्रिकेतही तेच. 1960 साली कोलब्रूक खाणीतले खांब चिरडले जाऊन चारशेच्यावर माणसं गाडली गेली, त्यानंतर कुठे खांब किती जाड ठेवावा याचं गणित नीट मांडलं गेलं. माणसं घाऊक मेली की विज्ञान येतं. किरकोळीत मेली की पंचनामा येतो. आणि नुसती जखमी झाली तर जीप येते.

हे सगळं आत्ताच का लिहितेय? कारण आपल्याकडे बराच काळ भूमिगत खाणी मागे पडल्या होत्या. आज देशातला नव्वद टक्क्यांहून जास्त कोळसा उघड्या खाणींतून येतो. आता वारा फिरलाय. 2030 पर्यंत भूमिगत खाणींतून वर्षाला 100 दशलक्ष टन कोळसा काढायचं सरकारचं लक्ष्य आहे. त्यासाठी 2025 मध्ये सवलती जाहीर झाल्या : भूमिगत खाणीसाठी सरकारला द्यायचा किमान महसुली हिस्सा 4 टक्क्यांवरून 2 टक्क्यांवर, आगाऊ रक्कम माफ. कारणंही चांगली दिली जातात : जमीन कमी लागते, जंगल वाचतं. ताडोब्याच्या शेजारी वाढलेल्या मला ती कारणं खोटी वाटत नाहीत. उघड्या खाणीने गिळलेली गावं मी पाहिली आहेत.

पण खाली उतरणार कोण? बाबा कायम नोकरीत होते, युनियनची पावती खिशात होती, क्वार्टर होतं, तरी त्यांची तीन बोटं गायब करता आली. आता खाली जाणाऱ्यांत कंत्राटदाराची माणसं वाढताहेत. त्यांच्याकडे जीप पाठवायचीही गरज नाही. मुकादम सांगतो, उद्यापासून येऊ नको. 72 तास कोण मोजणार, जेव्हा पुस्तकात नावच राहत नाही?

नुकसानभरपाईच्या कायद्यात 1923 पासून चालत आलेला एक तक्ता आहे. अंगठा गेला तर कमावण्याची ताकद 30 टक्के गेली, तर्जनी पूर्ण गेली तर 14 टक्के. पहिल्यांदा वाचला तेव्हा कसायाच्या दुकानातल्या दरपत्रकासारखा वाटला होता. आता तो मला जवळजवळ दयाळू वाटतो, कारण त्यात यायला निदान जखम मान्य व्हावी लागते. निवृत्तीच्या आधी बाबांनी हलकं काम मागितलं, तेव्हा त्यांना विचारलं गेलं : अपघात कधीचा, रिपोर्ट कुठे? रिपोर्ट नव्हता. होती ती चिठ्ठी, मुका मार लिहिलेली, तीही आईने रेशनकार्डाच्या पिशवीत जपली म्हणून. साहेबांनी ती बघितली आणि परत दिली.

मला फार काही नको आहे. खाणीच्या दवाखान्यात छताच्या दगडाने जखमी होऊन आलेल्या प्रत्येक माणसाची नोंद व्हावी, तो दुसऱ्या दिवशी कामावर आला की नाही याच्याशी संबंध न ठेवता. ती नोंद डॉक्टरने करावी आणि ती थेट खाण सुरक्षा महासंचालनालयाकडे जावी, मॅनेजरच्या टेबलावरून नाही. दगडाचा मार असेल तर एक्स-रे सक्तीचा. आणि खाणनिहाय आकडे महिन्याच्या महिन्याला लोकांसमोर टाकावेत, कंत्राटी आणि कायम वेगवेगळे. रेल्वेचं तिकीट फोनवर कन्फर्म होतं त्या देशात हे अवघड नाही. यामुळे आकडे एकदम वाढतील. वाढू देत. ज्या खाणीत वर्षभर एकाही माणसाला खरचटलं नाही, त्या खाणीला बक्षीस देण्याऐवजी तिथे आधी तपासनीस पाठवा.

कारण लहान जखमा हाच छताचा खरा निरोप आहे. आज पाटाएवढा तुकडा पडला त्या चौकात उद्या खोलीएवढा पडू शकतो. बाबांची बोटं मोडली त्या दिवशी कुणी ते कागदावर आणलं असतं, तर कुणीतरी त्या जागी येऊन वर बघितलं असतं. तसं झालं नाही. पुढच्या पावसाळ्यात त्याच सेक्शनमध्ये, त्याच रस्त्याला, आमच्या मागच्या ओळीत राहणाऱ्या एका काकांच्या कमरेवर छत आलं. ते वाचले. नंतर चालले नाहीत. त्यांची मुलगी माझ्या वर्गात होती, आठवीनंतर ती शाळेत दिसली नाही.

हा लेख मी फोनवरून बाबांना वाचून दाखवला. ते मध्ये काही बोलले नाहीत. पाटाएवढ्या दगडाला हसले, म्हणाले, पाटापेक्षा थोडा मोठा होता. मग शेवटी म्हणाले, "एकोनीस नाही, एकवीस दिवस. दोन आयतवार धरले नाहीस तू. आयतवारीबी बसवलं होतं मले."